मुठींचा नमस्कार

“...आणि बोटं सरळ झाली, की मग काय होईल?”

बाईंनी विचारलं आणि पुन्हा शेंगा फोडायला घेतल्या.

इंद्रजित समोर उभा होता. हा काय प्रश्न झाला?

“काय होईल म्हणजे... बोटं सरळ होतील, बाई.”

“ते कळलं. त्याच्या पुढे?”

“हात नॉर्मल होईल.”

“कुणासारखा?”

“सगळ्यांसारखा.”

“महिपती सगळ्यांसारखा आहे?”

मोठ्या माणसाच्या तोंडी लागू नकोस, असं आईनं निघताना बजावलं होतं, म्हणून इंद्रजितनं ओठावरचं उत्तर गिळलं.

बार्शीहून वैरागकडे निघालं, की रस्त्याकडेला एक बंद पडलेली कापसाची जिनिंग लागते. तिच्या गोदामात जमेनीसबाईंचं केंद्र होतं. बाईंनी जन्मभर फिजिओथेरपी शिकवली. निवृत्त झाल्यावर लोक बंगला बांधतात, बाईंनी हे गोदाम भाड्यानं घेतलं. मणका मोडलेली, अर्धांग झालेली, अंथरुणाला खिळून आखडलेली माणसं तिथं यायची आणि महिनोन्‌महिने राहायची. अधूनमधून कॉलेजातलं एखादं पोर शिकायला यायचं, तेही राहायचं.

कॉलेजात बाईंबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जात. बाईंच्या हाताखालून गेलेल्याचं पुढे कुठं अडत नाही, ही एक. आणि बाई कुणालाही शाबास म्हणत नाहीत, ही दुसरी.

इंद्रजित खर्डेकरनं पहिली गोष्ट ऐकली आणि दुसरी मनावर घेतली. आपल्याला म्हणतील, असं त्याला मनापासून वाटत होतं.

तसं वाटायला कारणही होतं. पोरगा हुशार होता, कष्टाळू होता. अंगातल्या एकूण एक सांध्याचं माप त्याला तोंडपाठ होतं. खिशात स्वतःचा गोनिओमीटर असे. सांधा किती अंश वाकतो, ते मोजायचं हे दोन पात्यांचं साधन. बाकीची पोरं प्लॅस्टिकचं वापरत, याचं स्टीलचं होतं आणि मखमलीच्या डबीत राहायचं. डबी तो अशा थाटात उघडायचा, की आता साखरपुड्याची अंगठी निघणार असं बघणाऱ्याला वाटावं.

“मनगट वर उचलून धरलं आणि बोटं सरळ करायला गेलं,” इंद्रजित पुन्हा म्हणाला, “तर चाळीस अंश कमी पडतात, बाई. बोटांचे स्नायू आखडलेत. रोज ताण दिला तर सुटतील. मला करू द्या.”

बाईंनी एक शेंग फोडली.

“तुझी बोटं मोजलीस?”

हा बाईंचा दंडक होता. पेशंटचा जो सांधा मोजायचा, तो आधी स्वतःचा मोजायचा आणि तक्त्यावर दोन्ही मापं शेजारी शेजारी लिहायची. पहिल्या दिवशी इंद्रजितनं विचारलं होतं, हे कशासाठी? बाई म्हणाल्या होत्या, “मोज, मग विचार.” दोनचार दिवस त्यानं मोजलंही. मग कंटाळा आला. धडधाकट माणसाचं माप पुस्तकात दिलेलं असतं आणि तो धडधाकट होता. तेव्हापासून तो स्वतःच्या रकान्यात पुस्तकातले आकडे भरत होता.

“मोजली,” तो म्हणाला.

“मनगट वर धरून?”

“...हो.”

बाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

“आणि तरी ताणायची म्हणतोस?”

“हो.”

“नको ताणू.”

“पण का, बाई?”

“मोजलंस ना? मग कळेल.”

बाईंनी सोललेल्या दाण्यांची मूठ त्याच्या हातावर ठेवली. बोलणं संपलं होतं.

इंद्रजित दाणे खात बाहेर आला. दाणे गोड होते, पण राग काही गेला नाही. म्हाताऱ्या झाल्यात, त्याच्या मनात आलं. जुन्या पद्धती सोडवत नाहीत.

ज्याच्या बोटांवरून हे चाललं होतं, तो महिपती बाहेर व्हरांड्यात चाकाच्या खुर्चीत बसला होता. बार्शीच्या बाजारात त्याची पानाची टपरी होती. पावसाळ्याआधी टपरीवरचा पत्रा ठोकायला चढला आणि पत्र्यासकट खाली आला. मान मोडली. पाय गेले. हात निम्मे राहिले. खांदा हलायचा, कोपर वाकायचं, मनगट वर उचलता यायचं. बोटांत मात्र जीव नव्हता. ती अर्धवट मिटून पडलेली असायची.

एवढं होऊन माणसाची जीभ शाबूत होती. किंबहुना पडल्यापासून जास्तच चालते, असं त्याची बायको सोजरबाई म्हणायची.

पहिल्याच दिवशी बाईंनी त्याला विचारलं होतं, “महिपती, तुला काय पाहिजे?”

“पाय मागितलं तर देशीला?”

“नाही.”

“मग टपरीवर बसून गिऱ्हाइकाला माझ्या हातानं पान देता यावं. सोजर देती वो, पन गिऱ्हाईक तिच्याशी बोलत न्हाई. गिऱ्हाईक पानाला कमी आन् गप्पाला जास्त येतंय. टपरी चालंना म्हंजी पोरांचं कसं व्हायचं?”

त्या दिवसापासून बाईंनी त्याच्यासमोर एक ताट ठेवलं. ताटात ओलं फडकं, फडक्यावर विड्याची पानं. सकाळी बाई फेरीला आल्या की महिपती हात पुढे करायचा, मिटलेल्या बोटांत कसंबसं एक पान अडकवायचा आणि बाईंना द्यायचा. मग दोन्ही मुठी एकमेकींना टेकवून नमस्कार करायचा. बाई पान तोंडात टाकत, त्याला मुठींनीच उलटा नमस्कार करत आणि पुढच्या पेशंटकडे जात.

इंद्रजितला ते बघवत नसे. कसली ही चिमटी आणि कसला हा नमस्कार! हाताचा पंजा कसा फुलासारखा उघडायला हवा.

पुढच्या आठवड्यात बाईंच्या थोरल्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. बाई सोलापूरला गेल्या. जाताना म्हणाल्या, “आहे तसं चालू ठेव.”

इंद्रजितनं मान हलवली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी महिपतीचा हात हातात घेतला.

त्याच्या मनात पाप नव्हतं, हे आधीच सांगून टाकलं पाहिजे. बाई परत येतील, बोटं सरळ झालेली बघतील आणि तो एक शब्द त्यांच्या तोंडून निघेल, एवढीच त्याची हाव होती. एका शब्दापायी माणूस काय काय करतो!

“काका, आता काही दिवस पान उचलायचं बंद,” तो म्हणाला. “ताण देताना बोटांना विश्रांती लागते.”

“बाई म्हनल्या व्हय?”

“...हो.”

“मग ठीक हाय. तुमी शिकल्याली मानसं. बोटं सरळ झाली, की पान भराभर लागंल न्हवं?”

“लागेल.”

मनगट वर, बोटं मागे. सकाळी आणि संध्याकाळी. इंद्रजितच्या कपाळावर घाम यायचा. मनापासून झटत होता तो. रोज डबी उघडून मोजायचा. चाळीसाचे तीस झाले, तिसाचे वीस. आठवड्याच्या शेवटी महिपतीचे दोन्ही तळवे एकमेकांना टेकले. पुरे टेकले, बोटाला बोट लागलं.

सोजरबाईंनी पदर डोळ्याला लावला.

“किती दिसांनी हात जोडलं तुमी,” ती म्हणाली. “आता द्येवाफुडं मुठी दावायला नगो.”

महिपतीही हरखला. दिवसभर येईल जाईल त्याला नमस्कार घालत बसला. सफाईवाल्या मावशीला घातला, पाण्याच्या टँकरवाल्याला घातला, गोदामाच्या दारात आलेल्या गाईलासुद्धा घातला.

इंद्रजितला त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या झोप लागली. असं समाधान त्याला सुवर्णपदक मिळालं तेव्हाही झालं नव्हतं.

सकाळी बाई आल्या. हातातली पिशवी खुंटीला लावून त्या थेट फेरीला निघाल्या. इंद्रजित पाठोपाठ गेला.

“बाई, आता बगा गंमत,” महिपती म्हणाला. त्यानं हात जोडले. तळव्याला तळवा, बोटाला बोट.

बाई थांबल्या.

बराच वेळ त्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिल्या...

“छान,” अखेर त्या म्हणाल्या. “पान देतोस?”

सोजरबाईंनी लगबगीनं ताटाचं टेबल पुढे ओढलं. महिपतीनं हात खाली नेला, पानावर ठेवला आणि मनगट वर उचललं.

पान ताटातच राहिलं.

“थांबा. सवय गेली आठ दिवसांत.”

त्यानं पुन्हा हात नेला. पान जरासं सरकलं. मनगट वर आलं, बोटं मोकळी लोंबत राहिली.

तिसऱ्यांदा पान ताटाच्या काठापर्यंत आलं आणि खाली पडलं.

महिपतीची जीभ शाबूत होती, पण ती पहिल्यांदाच थांबली. त्यानं आपल्या सरळ बोटांकडे पाहिलं, मग इंद्रजितकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. ‘आता?’ एवढंच होतं.

बाईंनी वाकून पान उचललं, पदरानं पुसलं आणि ताटात ठेवलं.

“इंद्रजित, इकडे बस.”

तो ताटाजवळच्या स्टुलावर बसला. आता बाई बोलणार आणि ते सगळ्यांदेखत ऐकावं लागणार, या भीतीनं त्याचे कान तापले होते. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नाहीत.

“कोपर ताटाशेजारी टेकव. हात सैल सोड.”

त्यानं सोडला.

“अजून सैल. तुझा नाहीच असा सोड.”

मनगटातून हात खाली लोंबला. बोटं हळूहळू लांब झाली, उघडी पडली.

बाईंनी आपल्या एका बोटानं त्याचा पंजा खालून उचलला. मनगट वर वर आलं, आणि इंद्रजितची बोटं वळली. आपोआप, एकेक करत, तळव्याकडे. अंगठा तर्जनीला येऊन टेकला.

“कोण मिटतंय ही?”

“मी नाही मिटत.”

“मग?”

बाईंनी बोट काढलं. हात लोंबला, बोटं उघडली. बाईंनी पुन्हा पंजा उचलला, बोटं पुन्हा मिटली. या वेळी मिटण्याआधी त्यांनी अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मधे ते पान धरलं होतं. बोटांनी पान पकडलं.

इंद्रजित स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. मनगट वर आलं की बोटांच्या तळव्याकडच्या दोऱ्या, म्हणजे स्नायूंची टोकं, खेचल्या जातात आणि बोटं मिटतात. दोऱ्या आखूड असल्या तर घट्ट मिटतात. या गोष्टीला एक इंग्रजी नाव होतं आणि ते त्याला ठाऊक होतं. परीक्षेत त्यानं त्यावर टीप लिहिली होती आणि तिला वर्गात सगळ्यांत जास्त गुण पडले होते. ती टीप महिपतीच्या हातात रोज सकाळी ताटातून पान उचलत होती, हे मात्र त्याला दिसलं नव्हतं.

महिपतीच्या बोटांत जीव नव्हता. त्याच्याजवळ होतं ते फक्त एक मनगट आणि थोडासा आखडलेपणा. त्यातला आखडलेपणा इंद्रजितनं घाम गाळून काढून टाकला होता.

“तुझं माप तू काय लिहिलं होतंस?” बाईंनी विचारलं.

“पूर्ण सरळ.”

“मनगट वर धरून मोजलं होतंस?”

इंद्रजितनं मान खाली घातली.

“बोटं मोजलीच नव्हती, बाई. एकदाही नाही. पुस्तकातलं लिहिलं.”

मग तो स्टुलावरून उठला आणि महिपतीच्या खुर्चीपाशी गेला.

“काका, बाईंनी ताणायला सांगितलं नव्हतं. नको म्हणाल्या होत्या. मी खोटं बोललो. तुमची पकड माझ्यामुळं गेली.”

सोजरबाईंचा चेहरा उतरला. महिपतीनं हात मांडीवर घेतले.

“परत येईल का, बाई?” त्यानं विचारलं.

“बघू,” बाई म्हणाल्या. “आठच दिवस ताणलंय. येईल असं मला वाटतं, पण वचन देत नाही. आणि चूक त्याच्या एकट्याची नाही. का नको ते मी सांगायला हवं होतं. मला वाटलं, यानं मोजलंय.”

महिपती इंद्रजितकडे वळला.

“डॉक्टर, एक करा,” तो म्हणाला. “सोजरला समजावा तुमीच. ती त्या नमस्कारावर लई खूश हाय. आता पुन्हा मुठी झाल्या, तर द्येवाआदी तीच रुसंल.”

सोजरबाई रडता रडता हसली. “मला काय करायचाय नमस्कार? टपरी उघडा म्हंजी झालं.”

इंद्रजितला मात्र हसू आलं नाही. ज्याचं गेलं, तोच त्याला हसवायला बघत होता. ते त्याला शिव्यांपेक्षा जड गेलं.

त्या दिवसापासून उलटं काम सुरू झालं. बाईंनी चिकटपट्टी आणली, महिपतीची बोटं हलकेच मिटवली आणि मिटलेलीच बांधली.

“आता यांना अशीच आखडू द्यायची. उघडायची तेव्हा मनगट आधी खाली सोडायचं. मनगट वर आणि बोटं सरळ, असं दोन्ही एकदम करायचं नाही. जे करायचं ते आधी स्वतःच्या हातावर करून बघायचं. रोज कोण बांधणार?”

“मी,” इंद्रजित म्हणाला.

तो रोज बांधू लागला. बांधण्याआधी आपली बोटं बांधून बघायचा. फार घट्ट झाली तर टोकं पांढरी पडतात, हे आपल्याच बोटांवर कळलं. मग बाकीच्या पेशंटांसाठी स्वतःचं कोपर मोजलं. मग गुडघा. एका पेशंटचा घोटा मोजायचा होता, तर स्वतःचा मोजता मोजता जेवायचं विसरला. त्याचा डावा घोटा उजव्यापेक्षा कमी वाकत होता. लहानपणी सायकलवरून पडला होता, ते त्याला तेव्हा आठवलं. पुस्तकातला धडधाकट माणूस तो नव्हताच.

“डॉक्टर, सोताचं अंग मोजून मोजून झिजंल की वो,” सोजरबाई म्हणायची.

“झिजू दे,” तो म्हणायचा. “नाहीतरी जरा जास्तच वाढलं होतं.”

दिवस जात होते आणि पान काही उठत नव्हतं. सकाळी पट्टी सोडायची, ताट ठेवायचं, मनगट खाली, मनगट वर. पान हलायचं आणि तिथंच राहायचं. सकाळच्या त्या घटकेला इंद्रजितला ताटाकडे बघवत नसे, पण बाईंनी त्याला तिथंच उभं राहायला सांगितलं होतं. बाई स्वतः रोज येत, हात पुढे करत, थोडं थांबत आणि रिकाम्या हातानं पुढे जात. रागावत नसत आणि धीरही देत नसत. एकदा त्यानं विचारलं, “बाई, आलंच नाही तर?”

“तर मग दुसरं काहीतरी शोधू,” बाई म्हणाल्या. “तू आणि मी. तोवर पट्टी नीट बांध.”

‘तू आणि मी’ हे त्याला त्या दिवशी दिवसभर पुरलं.

आणि एका सकाळी काही गाजावाजा न होता पान उठलं.

महिपती त्या वेळी टँकरवाल्याच्या नव्या सुनेबद्दल काहीतरी सांगत होता. बोलता बोलता हात ताटावर गेला, मनगट वर आलं, बोटं वळली आणि पान त्यांच्यात होतं. त्यालाही नंतर कळलं.

“...अरं तिच्या!” तो म्हणाला.

पान थरथरत होतं. पडलं नाही. बाईंच्या ओंजळीत येऊन पोचलं.

बाईंनी ते तोंडात टाकलं आणि मुठीला मूठ लावून नमस्कार केला. मग पुढच्या पेशंटकडे गेल्या. इंद्रजित गोदामामागं जाऊन रडला. भरपूर रडला आणि तोंड धुऊन आला.

त्यानंतर काम पळायला लागलं. चुन्याच्या काडीला इंद्रजितनं चिंध्या गुंडाळून जाड मूठ केली, म्हणजे ती मिटलेल्या बोटांत बसावी. पानाला चुना, चुन्यावर कात. सुरुवातीला चुना पानापेक्षा ताटाला आणि ताटापेक्षा महिपतीच्या सदऱ्याला जास्त लागायचा. हळूहळू तो पानावरच लागू लागला.

टपरी उघडली ती बाजाराच्या दिवशी. सोजरबाईंच्या भावानं फळी खाली घेऊन चाकाच्या खुर्चीच्या उंचीला बसवली होती. पत्रा नवा होता आणि या वेळी तो दुसऱ्या कुणीतरी ठोकला होता. झेंडूचं तोरण लागलं होतं. बाजार भरत आला होता आणि महिपती फळीमागं बसून सगळ्या बाजाराशी एकदम बोलत होता.

बाई आणि इंद्रजित रिक्षातून उतरले. इंद्रजितची बॅग रिक्षातच होती. त्याची मुदत संपली होती आणि दुपारच्या गाडीनं त्याला पुण्याला जायचं होतं.

“या, या!” महिपती ओरडला. “भवानी तुमच्याच हातची. सोजर, सरक जरा.”

त्यानं फडक्यावरचं पान उचललं. मनगट खाली, मनगट वर. पान फळीवर पसरलं. जाड मुठीची काडी बोटांत घेतली, चुना फिरवला, कात फिरवला. सोजरबाईंनी सुपारी टाकली, विडा दुमडला, लवंग टोचली. महिपतीनं तो बोटांत घेतला आणि फळीवरून हात पुढे केला.

गिऱ्हाइकं थांबून बघत होती. कुणीतरी म्हणालं, “शाबास रं महिपती!”

विडा बाईंसमोर आला होता. बाईंनी तो घेतला नाही. त्यांनी हनुवटीनं इंद्रजितकडे खूण केली.

महिपतीचा हात वळला.

इंद्रजितनं दोन्ही हातांनी विडा घेतला. घेताना त्याची बोटं महिपतीच्या बोटांना लागली. ती आखडलेली होती आणि त्यांची पकड घट्ट होती. त्याला फार बरं वाटलं. कुणी शाबास म्हणो न म्हणो, आता त्याची आठवणही त्याला राहिली नव्हती.

महिपतीनं मुठीला मूठ टेकवली. इंद्रजितनंही विडा मुठीत धरून, जमेल तशा मुठी टेकवल्या. सोजरबाई हसली.

मग त्याला आठवलं. महिपतीचा तक्ता अजून पुरा व्हायचा होता. शेवटचं माप राहिलं होतं. त्यानं खिशातली मखमलीची डबी चाचपली, पण ती बाहेर काढली नाही.

“बाई,” त्यानं विचारलं, “तक्त्यावर बोटांपुढं आज काय लिहू?”

बाई फळीवरच्या चुन्याच्या डबीकडे बघत होत्या.

“आधी विडा खा,” त्या म्हणाल्या. “चुना जास्त झाला असेल, तर तेवढं लिही.”